तारा काढल्यानंतरच्या रिटेनरचा खर्च : सात हजार रुपये नेमके कशाचे?

प्रश्न : घाटंजी तालुक्यातील एक पालक

नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत शिकते. तिचे वरचे पटाशीचे दात पुढे आले होते आणि खालचे एकमेकांवर चढले होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका दवाखान्यात तिच्या दातांना तारा बसवून घेतल्या. त्या कामाचे ३८,००० रुपये ठरले होते आणि ते आम्ही दर भेटीला थोडे थोडे करून फेडले. पूर्वी तोंडावर हात ठेवून बोलणारी मुलगी आता मोकळेपणाने हसते, त्यामुळे डॉक्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

मागच्या भेटीत मात्र डॉक्टरांनी सांगितले की पुढच्या महिन्यात तारा निघतील, त्यानंतर दात जागेवर राहावेत यासाठी रिटेनर वापरावा लागेल आणि त्याचा खर्च ठरलेल्या रकमेत धरलेला नाही. त्यांनी तीन पर्याय दिले. पारदर्शक प्लास्टिकचा रिटेनर दोन्ही जबड्यांसाठी मिळून ७,००० रुपये; तार आणि अ‍ॅक्रिलिकचा, ज्याला ते हॉले रिटेनर म्हणतात, तो दोन्ही जबड्यांसाठी ८,५०० रुपये; आणि खालच्या दातांना आतून कायमची चिकटवायची बारीक तार ३,५०० रुपये. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली असती तर आम्ही तशी तजवीज केली असती, एवढीच माझी तक्रार आहे.

२०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असला तरी आमचा माल त्याहून कमी भावाने गेला, त्यामुळे सात हजार रुपये म्हणजे आमच्या घरात जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीन होते. ही रक्कम देणे अशक्य नाही, पण ती कशासाठी देत आहोत हे समजल्याशिवाय द्यावीशी वाटत नाही. दवाखान्यात नमुना म्हणून दाखवलेला पारदर्शक रिटेनर हातात घेतला तर कागदासारखा हलका लागतो. त्यात एवढे काय आहे? कापूस विकून पैसे हातात येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, हे काम पुढे ढकलले तर चालेल काय? आणि तिन्हींपैकी कोणता घेतला तर पुन्हा पुन्हा खर्च करावा लागणार नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : दंततंत्रज्ञ, नागपूर

भाऊ, मी गेली अनेक वर्षे दातांच्या लॅबमध्ये काम करतो आणि आमच्याकडे यवतमाळ, वणी, चंद्रपूर, गोंदिया अशा सर्व बाजूंनी रिटेनरची कामे येतात. आमचे बिल डॉक्टरांकडे जाते, रुग्णाला ते कधी दिसत नाही, म्हणून तुमचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आत काय घडते ते क्रमाने सांगतो.

प्रथम डॉक्टर अल्जिनेट नावाची पावडर पाण्यात कालवून जबड्याचे माप घेतात. हे माप ओल्या जेलीसारखे असते. उघडे ठेवले की त्यातले पाणी उडते व ते आकसते, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर फारच लवकर आकसते. म्हणून त्यात शक्यतो लगेच डेंटल स्टोन, म्हणजे प्लास्टरसारखे घट्ट होणारे मिश्रण, ओतून जबड्याचे कडक मॉडेल बनवावे लागते. माप थोडे जरी बिघडले तर रिटेनर दातांवर बसत नाही आणि रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते. त्यामुळे लहान गावांतले चांगले डॉक्टर माप पाठवत नाहीत, तिथेच मॉडेल बनवून ते नागपूरला पाठवतात. माप, मॉडेल, पाठवण्याचा खर्च आणि डॉक्टरांचा खुर्चीवरचा वेळ हे सगळे त्या सात हजारांत आधीच आलेले असते.

पारदर्शक रिटेनर बनवताना प्लास्टिकचे साधारण एक मिलिमीटर जाडीचे शीट यंत्रात तापवून मऊ करतात आणि ते मॉडेलवर ओढून बसवतात. थंड झाले की कडा कापून घासायच्या. कुशल माणसाला या कामाला फार वेळ लागत नाही, म्हणून यात खर्चाचा मोठा वाटा शीटचा आणि यंत्राचा असतो. हॉले रिटेनरमध्ये याच्या उलट असते. त्यातली अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि स्टीलची तार या तुलनेने साध्या वस्तू आहेत. पण पुढच्या दातांवरून जाणारा तारेचा कमान आणि दाढांना पकडणारे आकडे पक्कडीने एकेक वळण देऊन हाताने करावे लागतात, मग टाळूच्या बाजूचे अ‍ॅक्रिलिक भरून ते घासून चकचकीत करावे लागते. कवळी बनवण्याच्या जातीचेच हे काम आहे. त्यात मजुरी जास्त असते, आणि माझ्या मते ती मजुरी वाया जात नाही, कारण हॉलेला तडा गेला तर तो जोडता येतो, तार सैल झाली तर डॉक्टर ती पाच मिनिटांत घट्ट करतात. पारदर्शक रिटेनर एकदा चिरला की दुरुस्त होत नाही. नवाच करावा लागतो.

आता खर्च वाचवणारी एक गोष्ट, जी रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. रिटेनर मिळाला की त्याचे मॉडेलही मागून घ्या आणि घरी कापडात गुंडाळून, दाणे ठेवतो तशा कोरड्या जागी ठेवा. पुढे रिटेनर हरवला किंवा तुटला आणि दात हललेले नसतील, तर त्याच मॉडेलवर दुसरा बनवता येतो आणि माप घेण्याचा खर्च व एक फेरी वाचते. डॉक्टरांकडे तोंडातून फिरवायचा स्कॅनर असेल तर स्कॅनची फाइल मागावी. पारदर्शक रिटेनरच घ्यायचा ठरला तर एकाच मॉडेलवर एकाच वेळी दोन जोड्या काढून घ्या. आमच्या लॅबमध्ये दुसऱ्या जोडीचे पैसे पहिलीपेक्षा बरेच कमी लागतात, आणि डॉक्टरांशी बोलून त्याचा लाभ तुम्हालाही मिळू शकतो.

शेवटची विनंती उष्णतेबद्दल. आमच्याकडे मे महिन्यात वाकडे झालेले पारदर्शक रिटेनर येतात. कोणी ते उकळत्या पाण्याने धुतलेले असतात, कोणी बंद गाडीत उन्हात ठेवलेले असतात. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो, तर बंद गाडीत किंवा टिनाच्या छपराखाली काय होत असेल याचा विचार करा. माठातल्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे, पेस्ट लावू नये, कारण पेस्टमधल्या बारीक कणांनी त्यावर ओरखडे पडतात. बोअरवेलच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून त्यात थोडा वेळ ठेवला की तो सुटतो.

उत्तर : एक नोकरदार, चंद्रपूर

दादा, दोन महिने थांबण्याच्या प्रश्नावर मी माझ्या अनुभवातून सांगतो. माझ्या तारा बारावीनंतर निघाल्या. मला पारदर्शक रिटेनर मिळाला होता आणि मी तो सहा महिने नीट वापरला. पुढे तो वसतिगृहाच्या खानावळीत कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि ताटाबरोबर तो कचऱ्यात गेला. नव्यासाठी घरी पैसे मागणे मला जड वाटले, कारण त्या वर्षी धानाचे पीक गेले होते, आणि दात तर सरळच दिसत होते. पुढच्या वर्षभरात खालचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढले. दररोज आरशात पाहणाऱ्याला हा बदल कळत नाही. मला तो जुन्या छायाचित्रामुळे कळला.

आता ते पुन्हा सरळ करण्यासाठी मला २०,००० रुपये सांगितले आहेत आणि शेवटी रिटेनर घ्यावाच लागणार आहे. त्या वेळी जे तीन-साडेतीन हजार वाचवले असे मला वाटले, ते प्रत्यक्षात वाचलेच नव्हते. तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी एक घट्ट झाकणाची डबी घेऊन द्या आणि रिटेनर एक तर तोंडात नाही तर डबीत, तिसरी जागा नाही, एवढे सांगून ठेवा.

उत्तर : दंतवैद्य, वरोरा

नमस्कार. मी सर्वसाधारण दंतवैद्य आहे, दात सरळ करण्याच्या शास्त्राचा विशेषज्ञ नाही; परंतु तारा निघालेले अनेक रुग्ण नंतर माझ्याकडे येतात. मुलीचे तोंड न पाहता उपचार सांगणे योग्य होणार नाही, म्हणून निर्णय तिच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. खर्चाचे कारण मात्र मी समजावून सांगू शकतो.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. तो बारीक तंतूंनी हाडाला आणि हिरडीला बांधलेला असतो, आणि तारांनी दात सरकवताना हे तंतू ताणले जातात. तारा काढल्यावर दात आणि हाड यांच्यामधले तंतू साधारण तीन ते चार महिन्यांत नव्या जागी स्थिरावतात, हिरडीतले तंतू चार ते सहा महिन्यांत, परंतु दाताच्या मानेभोवतीचे लवचीक तंतू वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. वळलेला दात सरळ केलेला असेल तर ही ओढ सर्वांत जास्त असते. यावरून लक्षात येईल की पहिले काही महिनेच सर्वांत नाजूक असतात. म्हणून तारा काढणे आणि रिटेनर बसवणे यांच्यात दोन महिन्यांचे अंतर अजिबात ठेवू नये. पैशांची सोय व्हायला वेळ लागणार असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगून तारा काढण्याची तारीखच पुढे ढकलावी. तारा तोंडात असेपर्यंत दात सुरक्षित आहेत, फक्त त्या काळात ब्रश अधिक काळजीने करावा लागेल.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या खर्चाविषयी. सुरुवातीचे काही महिने जेवण आणि दात घासणे सोडून दिवसभर, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हापासून रात्री, आणि रात्रीचा वापर अनेक वर्षे, असा हा क्रम असतो. वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांची गर्दी होण्याची प्रवृत्ती तारा न लावलेल्या माणसांतही असते, त्यामुळे हे प्रकरण वर्षभरात संपेल अशी अपेक्षा धरू नये. तुम्ही दिलेल्या रकमांवर हिशेब मांडून पाहू. पारदर्शक जोडी दीड वर्ष टिकते असे धरले, आणि ती काहींची जास्त तर काहींची कमी टिकते, तर सहा वर्षांत चार जोड्या म्हणजे २८,००० रुपये होतात. हॉलेची जोडी ८,५०० रुपयांची असली तरी नीट वापरल्यास ती अनेक वर्षे टिकते आणि मधल्या दुरुस्त्या किरकोळ असतात. कागदावर हॉले निर्विवाद स्वस्त पडतो. परंतु त्याची तार समोरून दिसते आणि सुरुवातीचे काही दिवस बोलताना जीभ अडखळते, त्यामुळे कॉलेजात जाणारी मुले तो दप्तरात ठेवून देतात. दप्तरात राहिलेला रिटेनर सर्वांत महागडा असतो. तेव्हा हा हिशेब मुलीला समोर बसवून करा आणि ती कोणता खरोखर वापरील हे तिलाच विचारा.

तिसरा मार्ग असा की खाली आतून चिकटवलेली तार आणि वर हॉले. तुमच्या आकड्यांप्रमाणे ३,५०० आणि ८,५०० चे निम्मे ४,२५०, म्हणजे ७,७५० रुपये. खालचे दात एकमेकांवर चढलेले होते असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे हा मार्ग मला विचार करण्याजोगा वाटतो. चिकटवलेल्या तारेमागे कीटण लवकर साचते, ते वेळोवेळी काढून घ्यावे लागते आणि एखाद्या दातावरून तार सुटली तर ती लगेच कळतेच असे नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट तुमच्या भागासाठी मुद्दाम विचारतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळट-तपकिरी पट्टे असतात. लोक त्याला मळ समजतात, पण तो दात घडत असतानाच आलेला दोष असतो. अशा दातांच्या आवरणावर चिकटवण्याचे रसायन नीट पकड घेत नाही. मुलीच्या दातांवर असे पट्टे आहेत काय? असतील तर चिकटवलेली तार वारंवार सुटण्याची शक्यता अधिक राहील.

उत्तर : एक आई, आर्वी

भाऊ, माझ्या मुलाचे काम आम्ही वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील दंत महाविद्यालयात करून घेतले. तिथे दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे, पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि आम्हाला खाजगीपेक्षा खर्च बराच कमी आला. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून आहे आणि तिथेही असा विभाग आहे. मात्र अशा ठिकाणी रांग असते, एका कामाला दोन फेऱ्या लागू शकतात, आणि ज्या डॉक्टरांनी तारा बसवल्या त्यांना सोडून केवळ रिटेनरसाठी नव्या ठिकाणी जाणे मला स्वतःला पटत नाही. तारा काढून लगेच रिटेनर देण्याची साखळी एकाच हातात असलेली बरी.

प्रवासाचा खर्चही त्यात धरा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मी आणि मुलगा जायचो तेव्हा माझे तिकीट निम्मे लागायचे. तुमच्याकडे मुलगी आणि तिची आई अशा दोघी गेल्या तर दोघींचेही निम्मे लागेल आणि वेचणीच्या दिवसांत तुमचा शेतातला दिवस मोडणार नाही. विम्याची चौकशी मी केली होती. आमच्या आरोग्यविम्यात, दवाखान्यात भरती न होता केलेल्या दातांच्या कामाचे पैसे मिळत नव्हते, आणि बहुतेक विम्यांची रीत अशीच असते, तेव्हा त्याच्या आशेवर थांबू नका.

डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका, हे मी आग्रहाने सांगते. आम्ही सरळ विचारले होते की या रकमेत बसवल्यानंतरची तपासणी आणि पहिली दुरुस्ती धरली आहे काय, पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालेल काय, आणि सांगितलेले सगळे कार्डावर लिहून देता काय. त्यांनी मोकळेपणाने लिहून दिले. विचारल्याने डॉक्टर रागावतील ही भीती आपल्या मनातच जास्त असते. आणि एक घरगुती सूचना : आमच्या घरी कुत्र्याने एक रिटेनर चावून टाकला, कारण त्याला लाळेचा वास येतो. डबी फडताळात, उंचावर ठेवावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुम्ही पट्ट्यांबद्दल लिहिले ते वाचून मी मुलीला उजेडात नेऊन पाहिले. तिच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही दातांवर पांढरट-पिवळे पट्टे आहेत. ती लहान असताना आम्ही गावातल्या बोअरवेलचेच पाणी प्यायचो. तारा बसवल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत तिचे ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवलेली टिकली, चार वेळा निघाले होते आणि ती कडक पदार्थ खात असेल म्हणून आम्ही तिच्यावर रागावलो होतो. त्यात तिचा दोष नसावा हे आज समजले आणि मी तिला तसे सांगितले.

हिशेब तिला समजावून दिला. हॉले वापरीन, कॉलेजातही वापरीन, असे तिने सांगितले आहे. त्यामुळे दोन्ही जबड्यांना हॉले घेण्याचा आमचा विचार आहे. फक्त एक शंका राहते. आमच्या डॉक्टरांकडे हॉले नागपूरहून यायला चार-पाच दिवस लागतात. मधल्या दिवसांत दात उघडेच राहतील, ते चालेल काय?

उत्तर : दंतवैद्य, वरोरा

मुलीला तसे सांगितलेत हे वाचून फार बरे वाटले. अशा दातांवरून ब्रॅकेट निघणे ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. या माहितीनंतर चिकटवलेल्या तारेपेक्षा दोन्हीकडे हॉले हा तुमचा विचार मला योग्य वाटतो, तरी पट्ट्यांची गोष्ट तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालून त्यांचे मत घ्या.

चार-पाच दिवस दात मोकळे ठेवणे टाळता आले तर टाळावे. दवाखान्यात किंवा यवतमाळमधल्या एखाद्या लॅबमध्ये शीट ओढण्याचे यंत्र असेल, तर सकाळी तारा काढून माप घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत एक तात्पुरता पारदर्शक रिटेनर करून घ्यायचा, असे करता येते. तो एकच जोड काही दिवसांपुरता असल्यामुळे त्याचे कमी पैसे लावावेत अशी विनंती आधीच करून ठेवा. हॉले आल्यावर तोच जोड प्रवासासाठी आणि दुरुस्तीच्या दिवसांसाठी जपून ठेवता येईल. ही सोय नसेल तर डॉक्टरांनी लॅबशी आधी बोलून, काम हातोहात होईल असा दिवस ठरवून मगच तारा काढाव्यात. त्या दिवशी मुलीला सकाळच्या पहिल्या गाडीने न्या आणि संध्याकाळपर्यंत थांबण्याच्या तयारीने जा.